बारा माग बंद

सुतार लाकूड कापायला ज्यावर ठेवतो
त्या चौकटीलाही घोडीच म्हणतात.
आमची गुलछडी तशी उभी होती,
चार पाय चार दिशांना रोवून,
शेपूट मागं काठीसारखी,
नाकपुड्या फाकलेल्या.
पोटावर हात ठेवला
तर हाताला लाकूडच लागलं.

डॉक्टर हत्तुरे चपला बाहेर काढून आले.
तिची हनुवटी हलकेच वर केली, तशी
डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून
एक तिसरी पापणी सरकत आली
आणि बुबुळावर अर्ध्यात थांबली.
"धनुर्वात," ते कुजबुजले.
"खिळा कधी लागला?"

अब्बा बोलले नाहीत.
आमचं आडनावच नालबंद.
पुढचा डावा खूर, सहावा खिळा,
लग्नाच्या घाईत जरा कच्च्यात गेलेला.
तेव्हा तिनं पाय झटकला होता.
अब्बा म्हणाले होते, नखरे करते.

चार हंगाम हिनं नवरदेव वाहिले.
बँडच्या पुढ्यात दोन पायांवर नाचली,
कानाशी माळ फुटली तरी बिचकली नाही.
आता वाटीत चमचा वाजला
की सगळं अंग ओढल्या कमानीसारखं ताणायचं
आणि जागच्या जागी घामानं निथळायचं.
अंधार पाहिजे, डॉक्टर म्हणाले,
आणि शांतता.

शांतता. साखर पेठेत. मे महिन्यात.
भिंतीपलीकडे एमुलांचे बारा माग,
दिवसपाळी, रातपाळी.
अम्मी सांगते, मी जन्मले तेव्हाही चालू होते,
माझं पहिलं रडणं कुणाला ऐकूच आलं नाही.

अब्बा विचारायला गेले नाहीत.
घोडीसाठी कुणाची मजुरी कशी बुडवायची?
मी गेले. नरसय्या एमुल हिशेबाची वही घेऊन बसलेले.
"किती दिवस?"
"माहीत नाही."
वहीत बोट तसंच ठेवून ते उठले
आणि खटका खाली ओढला.

तेव्हा कळलं,
आमच्या गल्लीत कावळे आहेत.
कुणाचा तरी नळ रात्रभर गळतो.
रत्नव्वा विडीची पानं कापते
त्या कात्रीला केवढा आवाज आहे.

मल्लेशम तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात गेला.
जाता जाता म्हणाला, घोडी जगेल, माझी पोरं?
त्याला उत्तर द्यायला कुणी तोंड उघडलं नाही.
तिचंही उघडत नव्हतं.

पुण्याहून बर्फात लस आली, एसटीच्या केबिनमधून.
नाकातून नळी, नळीतून ज्वारीची पेज.
दाराला एक डागी चादर टांगली,
विणताना चुकलेली, मोर उलटे लटकलेले.
कानांत मागाखालच्या वाया सुताचे बोळे.
रत्नव्वा चादरीआडून बघायची
आणि नुसत्या ओठांनी म्हणायची, गुर्रम, गुर्रम.
तिच्या भाषेत घोड्याला तेच म्हणतात.
अब्बा रात्रभर त्या खुराशी बसायचे.
काढलेला खिळा खिशात ठेवलेला,
अम्मीनं सदरा धुताना तो पाहिला
आणि परत खिशात घातला.

अकराव्या दिवशी दातांत दोन बोटं शिरली.
त्याच संध्याकाळी एमुल अनवाणी आले,
उंबऱ्याबाहेरच थांबले, भुवया उंचावून.
अब्बांनी दोन बोटं वर केली.
एमुलांनी एक.
एकच माग?
अब्बा बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिले.
मग मान हलवली.

खटाक्.
गुलछडी थरारली. पडली नाही.
खटाक्.
मी तिच्या कानाकडं बघत होते,
सुतानं भरलेला, अकरा दिवस आढ्याकडं ताठ.
तो जरासा भिंतीकडं वळला.

अब्बा खाली बसलेले, त्यांना तिथून दिसलं नाही.
मीही लगेच सांगितलं नाही.
पुन्हा वळतो का ते बघत राहिले.